टिचकी

विश्वासरावांनी टाकीवरच्या काळ्या डबीला टिचकी मारली. दिवा लागला नाही. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, डबीपाशी तोंड नेलं आणि पुन्हा मारली. आता कुठे हिरवा ठिपका मिणमिणला, तोही लगेच गेला.

"बघ, मिताली. पूर्वी चांगला तीन-चार सेकंद टिकायचा."

मिताली म्हणजे यशश्रीची कॉलेजातली मैत्रीण. शहरातल्याच फतेगंजच्या एका कंपनीत ती यशश्रीसारखंच काम करायची, म्हणून विश्वासरावांनी तिला रविवारी मुद्दाम अकोट्याला घरी बोलावून घेतलं होतं. यशश्रीला जाऊन दोन वर्षं होत आली होती. बेंगळुरूत चार दिवसांचा ताप काय आला आणि एकुलती एक पोर हातची गेली.

डबी तिनेच केलेली, शेवटच्या दिवाळीला घरी आली होती तेव्हा. टाकी सारखी भरून वाहायची आणि त्यांच्या बायकोचे, सुनंदाबाईंचे गुडघे गच्चीपर्यंत चढू द्यायचे नाहीत. तेव्हापासून रोज सकाळी सातला सुनंदाबाईंच्या फोनवर मेसेज यायचा: "आई, टाकी पाऊण भरली आहे. मोटर लावू नकोस." कधी पाऊण, कधी अर्धी. बाकी शब्द पोरीने घालून ठेवलेले, तेच.

तेव्हा ती इथेच फतकल मारून बसली होती.

"बाबा, या प्रोसेसरचं मोठं घराणं आहे. थोरले भाऊ फोनात नि टीव्हीत बसतात आणि दिवसभर खा-खा करतात. हे आपलं शेंडेफळ. सदा झोपलेलं. क्षणभर उठायचं, पाणी बघायचं, की परत गुडूप. एका सेलवर दहा वर्षं जाईल."

"दहा वर्षं! उगाच काहीतरी."

"लावा पैज."

पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून तिने आत घट्ट लेप ओतून डबी कायमची बंद केली होती. सेल बदलायची सोयच ठेवली नव्हती. एवढी खात्री होती पोरीला.

विश्वासरावांची छत्तीस वर्षं रिफायनरीत गेलेली, प्रेशरची आणि तापमानाची गेजं सांभाळण्यात. तिथला रिवाज असा, की गेज नुसतं वाचायचं नाही. आधी काचेवर टिचकी मारायची. काटा हलला तर गेज जिवंत, नाहीतर अडकलेलं. यशश्रीनंतर महिन्याभराने ते पहिल्यांदा गच्चीवर आले, तेव्हा सवयीने बोट डबीवर गेलं आणि आत हिरवा दिवा लागला. ते तिथेच मटकन बसले आणि पोटभर रडले. मग रोजचंच झालं. सकाळी यायचं, दुपारी यायचं. दिवा विझला की पुन्हा टिचकी. पोर आतून ओ देते आहे असं वाटायचं. हा वेडेपणा आहे हे काय त्यांना कळत नव्हतं? पण करणार काय!

"काका, तुम्ही रोज असं टकटक करता?" मितालीने विचारलं.

"रोज. चालू आहे की नाही ते बघायला नको?"

मिताली जपून बोलली.

"पाणी पडायला लागलं की टाकी थरथरते. त्या थरथरीने हा जागा होतो, तसाच तुमच्या टिचकीनेही होतो. झोपेत याला जवळजवळ काहीच लागत नाही, काका. सेल संपतो तो जागं होण्यात."

"म्हणजे दहा वर्षं..."

तिने नुसती मान हलवली.

"आता किती राहिलंय?"

"हात नाही लावला तर थोडे महिने मेसेज येतील. चिंता ना करो, काका. मी नवीन करून देते, अर्ध्या दिवसाचं काम आहे. मेसेजही अगदी हाच ठेवू."

"नवीन नको," विश्वासराव म्हणाले.

चहा घेऊन मिताली गेली. सुनंदाबाई ताटात पापडीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. विश्वासराव समोर येऊन बसले, आणि छातीवर दगड ठेवून एकदाचे बोलले.

"तुझे मेसेज बंद होणार आहेत. माझ्यामुळे. माझ्या या बोटामुळे."

"ठाऊक आहे मला."

"काय ठाऊक आहे?"

"यशूने त्या दिवाळीला परत जातानाच बजावलं होतं. आई, बाबांना टकटक करू देऊ नकोस, सेल संपेल. टाकी स्वयंपाकघराच्या डोक्यावरच आहे, मला सगळं ऐकू यायचं."

विश्वासराव भडकले. "मग बोलली का नाहीस? दोन वर्षं तोंड शिवलं होतं का तुझं?"

सुनंदाबाईंचे हात थांबले.

"ती गेल्यावर महिनाभर तुम्ही एक शब्द बोलला नव्हतात. चहा समोर गार व्हायचा. मला वाटलं, आता हेही जातात. मग एक दिवस वर टकटक ऐकली. तुम्ही खाली आलात आणि म्हणालात, भूक लागलीय." त्यांनी एक शेंग उचलली, तशीच ठेवली. "त्यानंतर कुठल्या तोंडाने थांबवू तुम्हाला?"

विश्वासराव ताटातली सालं गोळा करत राहिले.

"दिवा कसा आहे हो?" सुनंदाबाईंनी विचारलं. "मी कधी पाहिलाच नाही."

दर चार पायऱ्यांवर थांबत, विश्वासरावांचा दंड धरून, सुनंदाबाई वर आल्या.

"मार टिचकी," विश्वासराव म्हणाले.

"नको. फुकट जाईल."

"फुकट कशी? मार."

सुनंदाबाईंनी मारली. ठिपका लागला. "केवढासा आहे गं!" त्या डबीकडे बघत म्हणाल्या, आणि तेवढ्यात तो विझलाही. विश्वासरावांचं बोट पुढे गेलं, आणि त्यांनी ते मागे घेतलं.

दुसऱ्या दिवशी सातला मेसेज आला. इतके दिवस सुनंदाबाई तो एकट्याच मनात वाचायच्या. आज त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचला.

"आई, टाकी पाऊण भरली आहे. मोटर लावू नकोस."

विश्वासराव उजवा हात मांडीखाली दाबून ऐकत होते.

"परत वाच," ते म्हणाले.