सावलीचा हिस्सा

शेतकऱ्यांसाठी सरकारचं पॅकेज आलं, त्या वर्षी महादेवरावांच्या वाट्याला एक जर्सी गाय आली. नांदगाव खंडेश्वरच्या पलीकडचं आमचं गाव नावं ठेवण्यात हुशार. गाईचं नाव पॅकेजच पडलं. महादेवरावांना ती सरकारची वाटायची, त्यांच्या बायकोला, गोदाबाईला, पोटच्या पोरीसारखी. पॅकेज गाभण राहिली तेव्हा गोदाबाईने घरोघरी गूळ वाटला.

नाल्याकाठी महादेवरावांचं पडीत रान आणि त्याला लागून पूर्वेला अब्दुल गफ्फारांचं. मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तारेचं कुंपण आणि एक मोठा कडुनिंब. बुंधा महादेवरावांच्या हद्दीत, याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. भानगड सावलीची होती. सकाळी, कोणाला तिची गरज नसताना, ती महादेवरावांकडे पडायची. दुपार कलून ऊन पेटलं की धुरा ओलांडून गफ्फारांकडे जायची. तिथे त्यांची गावरान ढोरं डोळे मिटून रवंथ करत बसायची. इकडे पॅकेज तारेला छाती लावून धापा टाकायची. समोरच्या चाऱ्याला तोंड लावत नसे.

“झाड माहं, अन् गारवा त्याच्या ढोरायले?” महादेवराव पानठेल्यावर विचारायचे.

गफ्फार म्हणाले, “भाऊ, तार उचलतो. गाय इकडं येऊ द्या, जागा लय हाय.”

“माह्या झाडाखाली बसाले माही गाय तुह्या वावरात येईन?”

गोदाबाईने समजावलं, “गाय गाभन हाय. तिले तुमचा सातबारा समजत नाही.” पण मोडेन पण वाकणार नाही, हा महादेवरावांचा बाणा. तो त्यांनी राखला. मोडलं ते झाड. चैत्रात माणसं लावून त्यांनी निंब आडवा केला.

गफ्फारांची ढोरं एक दिवस बावरली, मग आपणहून त्यांच्या विहिरीजवळच्या चिंचेखाली जाऊन बसली. पॅकेजला चिंच नव्हती. तिच्यासाठी महादेवरावांनी टिनाचं छप्पर घातलं. वैशाखात त्या टिनांवर भाकर भाजली असती. पॅकेज आत जाईना. ढकलून घातली तर दावं तोडून बाहेर आली आणि भर उन्हात निंबाच्या खुंटापाशी जाऊन उभी राहिली. तिथे गारवा असतो, एवढंच तिला ठाऊक होतं. “जनावर येडं हाय,” महादेवराव म्हणाले. मला त्या दिवशी त्यांचा खरोखर राग आला.

मग एका दुपारी पॅकेज मान टाकून खाली बसली. गोदाबाईने तिच्या अंगावर पाणी ओतलं, हाका मारून मारून तिला उठवलं आणि नवऱ्याला न विचारता धुऱ्याकडे नेलं. गफ्फारांच्या बायकोने, हलीमाबीने, पलीकडून तार वर धरली. चिंचेखाली बऱ्याच वेळाने पॅकेजची धाप बसली. ती रवंथ करू लागली. गोदाबाईने तिच्या पोटाला हात लावला; आत वासरू हललं, तशी ती रडायलाच लागली.

महादेवराव काठी घेऊन धावत आले. त्यांनी दावं ओढलं. पॅकेजने एक कान हलवला.

“चाल वं घरी!” ते बायकोवर खेकसले.

“ती उठली का मीबी उठीन.”

“बसा भाऊ,” गफ्फार म्हणाले. “भांडन सावलीत करू.”

गफ्फारांच्या सावलीत बसणं म्हणजे नाक कापून घेणं. महादेवराव मुद्दाम सावलीच्या कडेबाहेर, पूर्वेला, सगळ्यांकडे पाठ करून उन्हात बसले. हलीमाबीने दिलेलं पाणी मात्र घटाघटा प्याले. दुपार कलत गेली तशी सावली सरकत त्यांच्या पाठीवर आली, मग टोपीवर. आता अब्रू राखायची तर उठून आणखी पुढे जायला हवं होतं. महादेवरावांनी पुढचं ऊन पाहिलं. टोपी काढून घाम पुसला आणि बसून राहिले.

“हे चिच कोनाच्या हद्दीत येते?” बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं.

“इचारू नका,” गोदाबाई म्हणाली. “तोडसान.”