लाल स्वेटर

पेल्याच्या काठावर कुंचला टिण्णकन वाजला. चिझु दुपारची झोपली होती, म्हणून तर घर इतकं शांत होतं. मग कुंचला वाजवला कुणी? हातातले धुतलेले तांदूळ तसेच टाकून मी आतल्या खोलीत धावले.

पाच वर्षांची माझी लेक माझ्या टेबलाशी गुडघ्यांवर उभी होती. जीभ बाहेर, हात कोपरापर्यंत लाल रंगानं माखलेले.

"या खोलीत यायचं नाही म्हणून किती वेळा सांगितलंय तुला!"

"ती कुडकुडत होती," चिझु म्हणाली.

मी रंगवलेल्या पारदर्शक शीटवरची ती बाई मुळात उघडी होती. गावानं हाकललेली, बर्फात बसलेली. हा कार्टूनचा सिनेमा मोठ्या माणसांसाठीचा. सासूबाईंना अजून वाटतं, मी सशांचे कान रंगवते. सहा वर्षं तेच तर केलं; सशांचे कान, यंत्रमानवांचे बूट, स्टुडिओनं ठरवून दिलेल्या नंबराच्या रंगात. या वेळी मात्र दिग्दर्शक म्हणाले होते, "हिच्या अंगाचा रंग तुम्हीच शोधा." अकरा छटा फुकट घालवल्यावर तो सापडला. चिझु झाली तेव्हा दवाखान्याच्या आरशात दिसलेला, माझाच निळसर फिका रंग. उद्या सकाळी ती शीट कॅमेऱ्याखाली जायची होती.

आता त्या रंगावर गळ्यापासून गुडघ्यांपर्यंत लाल स्वेटर होता. बटणांसकट.

खाली गल्लीत स्कूटर थांबली. स्टुडिओचा इसोगाई शीट न्यायला आला होता.

"किनुएवहिनी! झाली का बाई तयार, की अजून नटवताय तिला?"

"पाच मिनिटं हं, भाऊ!"

"तुमच्या पाच मिनिटांत माझं सिगारेटचं पाकीट संपतं!"

पुन्हा रंगवायला वेळ नव्हता, आणि ती छटा पुन्हा जमलीच असती याचा भरवसा नव्हता. मग शीट उजेडात धरली. आम्ही रंग नेहमी पाठीमागून भरतो. पुढच्या बाजूला नुसत्या शाईच्या रेषा. चिझुनं पुढूनच रंगवलं होतं, अन् रंग अजून ओला होता. निघेल. रेषा फिसकटल्या नाहीत तर.

बोटाला ओलं फडकं गुंडाळलं, श्वास रोखला आणि गळ्यापासून सुरुवात केली. खांदा मोकळा झाला. मग दंड. मग पोट. माझा रंग खाली जसाच्या तसा होता. मला हसू आलं.

चिझु शेजारी येऊन उभी राहिली. तिनं आपल्या लाल स्वेटरच्या बाह्या ओढून मुठींत घेतल्या.

"आई, तिला थंडी वाजतेय ना?"

"हो गं, राजा."

फडकं लालभडक झालं होतं. शेवटचं बटण तेवढं राहिलं होतं.

"मग तू काढतेस कशाला?"