डब्यात राहिलेलं शेवटचं रीळ

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. दाराखिडकीचा नव्हे हं, सिनेमाचा! निदान जन्मलो तरी त्यासाठीच.

भिवंडीतल्या एका खडखडत्या लूमवर माझं कापड विणलं गेलं. त्याच कापडातून कुणाच्या बंड्या झाल्या, कुणाच्या उशांचे अभ्रे. मला मात्र केसरीनाथ शेठने आपल्या फिरत्या टॉकीजसाठी उचललं. शिंप्याने माझ्या पट्ट्या जोडल्या आणि चारी बाजूंनी काळी किनार लावली. पावसाळा सरला की तंबू घेऊन आम्ही खारबाव, वडपे असे गावोगाव हिंडायचो. मशीन चालवणारा दामू दर मुक्कामाला मला नीळ घालून धुवायचा. मी अगदी फुशारून जायचो.

लोकांना वाटतं, आपणच पडद्याकडे बघतो. अहो, पडदाही तुमच्याकडे बघत असतो! आजवर किती चेहरे वाचले असतील मी.

चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात एक चित्रपट आला. फेफरं येणाऱ्या एका मुलीची गोष्ट होती. घरचे म्हणतात, ही झपाटली. मग भगत येतो, देवीचा घोष करतो, तिला खोलीत कोंडून मिरच्यांची धुरी देतो. आतलं ओरडणं थांबतं. मुलगी बरी झाली असं समजून सगळे हात जोडतात. आणि शेवटच्या रिळात दार उघडतं, तेव्हा ती मेलेली असते. भगत मागच्या भिंतीवरून पळ काढतो.

चित्रपट काढणाऱ्याला सांगायचं होतं ते हेच. पण झालं भलतंच! देवीचा घोष ऐकताच लोकांनी चपला काढल्या. माझ्यापुढे उदबत्त्या लावल्या, नारळ फोडले. आणि शेवटचं रीळ लागलं की तीच माणसं खवळायची. एका गावात तर कुणीतरी दगड भिरकावला आणि माझ्या उजव्या कोपऱ्याला भोक पडलं.

शेठ दामूला म्हणाला, "तो शेवटचा रील लावूच नको. लोकांनी हात जोडले की तिथंच खतम कर."

"पण शेठ, पोरगी मेलेली हाय ना!"

"लोकांना कुठं म्हाईत हाय?"

दामूने मान खाली घातली आणि रीळ डब्यात गेलं. मला सगळं ठाऊक होतं. पण माझ्यावर जेवढं पडेल तेवढंच मी दाखवणार. दोऱ्यांनी चारी कोपरे आवळलेले, हलायचीही सोय नाही. त्या दिवसांत खेळ संपला की माझा जीव घुसमटायचा.

मग वडप्याला मुक्काम पडला. तिथे बायजाबाई नावाची शेतकरीण होती. तिच्या सुनेला, तुळजाला, फेफरं यायचं. मुलगा पंढरी भिवंडीत लूमवर कामाला. तो डॉक्टरच्या गोळ्या आणून द्यायचा आणि बायजाबाई त्या कौलात खोचून ठेवायची. फेफरं आलं की सुनेच्या नाकाला चप्पल लावायची. बाई दुष्ट नव्हती हो. सुनेच्या काळजीने ती अर्धी झाली होती. म्हणूनच मला तिचा धड राग धरता येत नाही, धड सोडताही येत नाही.

पहिल्या खेळाला ती ढसाढसा रडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन पुढेच बसली.

शेजारीण हौसाने विचारलं, "काल बघितलास ना गो? परत आलीस?"

"धुरी कशी देतो ते नीट बघाया आले. तुळजाला सकाळधरनं कोंडलीय. मिरच्या टाकल्या, पण गप होत न्हाय. नुसती खोकते."

माझी दोरी आवळणारा दामू हातातली दोरी टाकून पुढे झाला. "मावशे, जा, आधी दार उघड! शिनेमातली ती पोरगी मरते!"

"खोटं नको बोलू," बायजाबाई म्हणाली. "मी सोता बघितलंय. ती बरी झाली."

 दामू धावत मशीनकडे गेला आणि त्या दिवशी त्याने डब्यातलं शेवटचं रीळ काढून खेळ तिथूनच सुरू केला.

लोक ओरडू लागले. शेठ गेटवरून धावत आला, "दामू, बंद कर!" दामू मशीनला पाठ लावून उभा राहिला. माझ्या अंगावर दार उघडलं. धूर बाहेर आला. बापाने मुलीला उचललं, तर तिचा हात तसाच खाली लोंबत राहिला.

बायजाबाई उठली. माझ्याकडे बघून किंचाळली, "दार उघडा रं! माजी तुळजा हाय आत!" आणि अनवाणीच घराकडे धावली. तिच्या चपला माझ्यापुढेच राहिल्या.

तुळजाचा जीव वाचला. डोळे मात्र कायमचे अधू झाले. तिला उजेड सोसवत नाही.

पुढे टॉकीज बंद पडलं. दामूने माझा भोकाचा कोपरा कापून पंढरीला दिला. आता मी तुळजाच्या खिडकीवर टांगलेला असतो. उजेड झेलायला जन्मलो आणि उजेड अडवत बसलो! पंढरीने त्या खोलीच्या दाराची कडी उखडून टाकली आहे. पण तुळजा बाहेर जाणार कुठे? दुपारी माझ्या भोकातून इवलासा कवडसा येतो, तेवढा ती तळहातावर घेते.

परवा तिने सासूला विचारलं, "आत्या, शिनेमातल्या त्या पोरीचं शेवटी काय झालं?"

बायजाबाईने गोळी तिच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा पेला पुढे केला.

मित्रांनो, मला तोंड नव्हतं, म्हणून मी गप्प राहिलो. तुम्हाला आहे. कुणाच्या घरात असं दार लावलेलं दिसलं, तर शेवटचं रीळ लागायची वाट बघू नका.