झाकलेली तिसरी ओळ

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी रुग्णालयाच्या धुलाईघरात इस्त्रीयंत्रावर काम करणाऱ्या मावशींचा उजवा हात इस्त्रीच्या तापलेल्या रुळाखाली ओढला गेला. यंत्र थांबवायची दांडी त्यांनी डाव्या हाताने दाबली. रूळ फिरतच राहिला. फिटरने धावत जाऊन भिंतीवरचा मुख्य खटका पाडला, तेव्हा तो थांबला.

मित्रांनो, हे मी डोळ्यांनी पाहिले. मी एक जुनी लाकडी पाटी आहे. साहेबांच्या खोलीबाहेर, जिन्याच्या वरच्या टोकाला मी टांगलेली आहे आणि तिथून सगळे धुलाईघर दिसते. माझ्यावर मन शांत ठेवण्याविषयी लिहिले आहे. त्या दिवसापासून मला शांत राहता आलेले नाही.

माझा जन्म साबणाच्या खोक्यातून झाला. इथल्या बॉयलरवर एक मिस्त्री होते. चिडके म्हणून त्यांची ख्याती होती. वाफेला शिट्टी तरी असते, मिस्त्रींना तीही नाही, असे लोक म्हणत. एकदा चिडून त्यांनी स्वतःच्याच भावाशी बोलणे तोडले आणि ते चार वर्षे तुटलेलेच राहिले. त्यानंतर ते संध्याकाळी एका वृद्ध शास्त्रीबुवांकडे जाऊन बसू लागले. मन कसे पाहावे, पाहताना त्यात वाहून कसे जाऊ नये, हे ते तिथे शिकले. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी खोक्याचे झाकण तासले, घासले आणि माझ्यावर निळ्या रंगाने तीन ओळी लिहिल्या.

आज माझे मन कुठे तापले?

त्यात माझा वाटा किती?

आणि जे खरेच चुकीचे आहे, त्यासाठी उद्या मी काय करणार?

मिस्त्रींनी मला कपडे बदलायच्या खोलीत लावले. पाळी संपली की ज्याला हवे तो माझ्यासमोर दोन मिनिटे उभा राही. सक्ती नव्हती. घड्या घालणारी एक बाई एकदा तणतणत आली. शेजारच्या टेबलावरच्या बाईने तिची कपडे वाहायची चांगली ढकलगाडी पळवली होती. दुसऱ्या ओळीपाशी ती अडखळली आणि स्वतःशीच हसली. त्या बाईचे स्टूल आदल्या दिवशी हिनेच पळवले होते. दोघींनी एकमेकींच्या वस्तू परत केल्या. तिसऱ्या ओळीमुळेही कामे झाली. पिण्याच्या पाण्याचा नळ सहा महिने बंद होता. लोक नुसते धुसफुसत होते. एका संध्याकाळी पाचजण माझ्यासमोरून निघाले ते थेट तेव्हाच्या साहेबांकडे गेले, न ओरडता उभे राहिले आणि नळ दुरुस्त होईपर्यंत रोज जात राहिले.

कुणी विचारले तर मिस्त्री बॉयलरवरचा दाबाचा काटा दाखवत. "राग म्हणजे हा काटा. तो वर गेला म्हणून त्याला शिव्या देऊ नका. आत काय चाललंय ते बघा. पण काट्यावर रुमाल टाकून ठेवलात तर बॉयलर थंड होत नाही, बरं का!"

"पण शास्त्रीबुवा तर साक्षी व्हा म्हणतात ना?" मावशींनी एकदा विचारले होते. तेव्हा त्या इथे नवीन होत्या.

"साक्षी म्हणजे बघणारा," मिस्त्री म्हणाले. "मुका नव्हे आणि आंधळाही नव्हे. फळाची हाव सोडायची, काम नाही सोडायचं."

मिस्त्री निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी नवे साहेब आले. ते तीन दिवसांच्या मनःशांती शिबिराला जाऊन आले होते आणि मला पाहून भारावले. "केवढा ठेवा इथे धूळ खात पडलाय!" असे म्हणून त्यांनी माझ्यासाठी सोनेरी चौकट करून घेतली. चौकटीची खालची पट्टी चांगली चार बोटे रुंद होती.

"साहेब, खालची ओळ झाकली जातेय," सुतार म्हणाला.

"जाऊ दे. दोन प्रश्न पुरे आहेत," साहेब म्हणाले. "तिसऱ्याने डोकी भडकतात."

मग मी जिन्यावर आले आणि माझ्यापुढे एक स्टूल आले. नियम निघाला. ज्याला तक्रार करायची आहे, त्याने आधी माझ्यासमोर दहा मिनिटे बसायचे. राग निवला की मगच बोलायचे. पाहुणे येत, माझे फोटो काढत. साहेब सांगत, "आमच्याकडे तक्रारी जवळजवळ संपल्यात."

संपल्या नव्हत्या, मित्रांनो. माणसे स्टुलावरूनच परत जात होती.

मावशी पहिल्यांदा आल्या तेव्हा अपघाताला अठरा दिवस होते. "साहेब, दांडी दहादा दाबली तर तीनदा लागत नाही."

"मावशी, श्वास बघा तुमचा, केवढा वर आलाय! आधी बसा."

"श्वास जिना चढल्यामुळे वर आलाय, साहेब."

तरी त्या बसल्या. दहा मिनिटांनी साहेबांनी विचारले, "आता कसं वाटतंय?"

"मला बरं वाटतंय. मशीनला अजून तसंच वाटतंय."

साहेबांना हसू आले नाही. "बघा, अजून टोमणे आहेत. अहंकार गेला नाही. उद्या या."

दुसऱ्या वेळीही तेच झाले. तिसऱ्या वेळी त्या खरोखर माझ्याकडे बघत बसल्या. दुसरी ओळ त्यांनी दोनदा वाचली. सकाळी त्या फिटरवर सगळ्यांदेखत खेकसल्या होत्या. जिना उतरून त्या सरळ त्याच्याकडे गेल्या.

"भाऊ, मघाशी चुकलं माझं."

"अहो, तुमचं काय चुकलं!" फिटर ओशाळला. "मला पण ती दांडी दिसतेय. पण साहेबांच्या सहीची चिठ्ठी आल्याशिवाय मी मशीनचं झाकण उघडू शकत नाही."

म्हणजे पहिल्या दोन ओळींचे काम मावशींनी चोख केले होते. तिसरीचेही केले होते, तेही झाकलेली असताना. करायचे उरले होते ते फक्त साहेबांनी, आणि त्यांच्यासाठी स्टूल कुणी मांडलेच नव्हते.

अपघातानंतर साहेबांनी अहवाल लिहिला. दार उघडे होते आणि लिहिता लिहिता ते मोठ्याने वाचत होते. "सदर कामगार काही दिवस क्षुब्ध होत्या. चित्त विचलित असल्याने हात पुढे गेला."

विचलित! जी बाई स्वतःची चूक कबूल करायला जिना उतरली, ती विचलित, आणि ज्यांना एक सही करता आली नाही, ते स्थितप्रज्ञ! साबणाचे खोके राहिले असते तर बरे झाले असते, असे मला त्या क्षणी वाटले.

पण मी माझ्यावरच्या ओळींपासून सुटू शकत नाही. माझे मन कुठे तापले, ते सांगितले. त्यात माझा वाटा किती? आहे, मित्रांनो. ती सोनेरी चौकट मला आवडली होती. फोटो काढले जात तेव्हा खालची ओळ काळोखात आहे हे मी विसरत असे. राहिली तिसरी ओळ. लाकडाची पाटी दुसरे काय करणार? ती सांगू शकते, म्हणून सांगते आहे. तुमचे मन जरूर तपासा, रोज तपासा. पण तुम्हाला जाळणारी वस्तू समोर असताना कुणी तुम्हाला फक्त तुमचेच मन तपासायला बसवत असेल, तर माझी खालची ओळ कुठे आहे, ते त्याला विचारा. आणि कुणाला असे बसवण्याचा अधिकार उद्या तुमच्या हाती आला, तर आधी त्या स्टुलावर स्वतः बसा.

गुरुवारी दुपारी फिटर पेचकस घेऊन वर आला. साहेब जेवायला गेले होते. त्याने चौकटीची खालची पट्टी काढून स्टुलावर ठेवली आणि दांडीच्या दुरुस्तीची, फक्त सहीची जागा कोरी असलेली चिठ्ठी तिच्याखाली दाबून ठेवली. जेवून परतलेल्या साहेबांनी पट्टी पाहिली, चिठ्ठी पाहिली, मला पाहिले. तिन्ही ओळी त्यांनी वाचल्या असाव्यात, कारण ते बराच वेळ उभे होते. मग आत जाऊन त्यांनी दार लावून घेतले.

मावशींची तीन बोटे वाकतील की नाही, हे डॉक्टरांनी अजून सांगितलेले नाही. आज शुक्रवारी सकाळी सात वाजता रूळ पुन्हा सुरू झाला. त्याच्यापुढे मावशींच्या जागी ती घड्या घालणारी बाई उभी आहे. चिठ्ठी स्टुलावरच आहे. तिच्यावर सही नाही.