बुजवलेला खड्डा

"हा चौथा," मनीषा कपाळावरचा घाम पुसत म्हणाली. "काका, मशीन इतका गोड आवाज देतंय, आणि खाली काही म्हणजे काहीच नाही."

पद्माकर त्या चार खड्ड्यांकडे बघत राहिले. एका ओळीत, हातहातभर अंतरावर, बटाटे लावायला घेतल्यासारखे चारही उघडे.

"भरले का नाहीस?"

"एकदम भरते ना शेवटी."

"शेवटी नाही. आधी हा, मग पुढचा." मग आवाज जरा खाली आणून ते म्हणाले, "एक पाऊल मागे ये आणि यंत्र फिरव."

तिने फिरवलं. ते लगेच गायला लागलं. आणखी एक पाऊल मागे नेलं, तिथेही गाणं. पद्माकरांची नजर तिच्या रबरी बुटांवर गेली.

"पायात काय आहे?"

"मोजे."

"आणि मोज्यांच्या आत?"

मनीषा लाल झाली. "जोडवी."

तिचा नवरा क्षितिज इतका हसला, की त्याला फावड्याचा आधार घ्यावा लागला. सकाळी पद्माकरांनी इथल्या मराठी मंडळातून आणलेल्या आठही नवशिक्यांना अंगठ्या, घड्याळं, बांगड्या सगळं उतरवून ठेवायला लावलं होतं. पण जोडव्यांची आठवण त्यांनाही झाली नव्हती. यंत्राने जमिनीतलं जुनं नाणंबिणं शोधणाऱ्या मेटल डिटेक्टिंग क्लबात अकरा वर्षं काढली, जोडवी घातलेला सभासद कधी भेटला नव्हता.

"निघत नाहीयेत," मनीषा म्हणाली. "बोटं सुजलीयेत."

"राहू देत. यंत्राची चकती पायापासून लांब धर. आता भरायला बस."

ते स्वतःही गुडघ्यावर बसले. गुडघ्यांनी तक्रार केली, ती त्यांनी नेहमीप्रमाणे कानाआड केली. गवताचा ढलपा तीन बाजूंनी कापायचा, चौथी बाजू दारासारखी जोडलेलीच ठेवायची. माती गवतावर नाही, जुन्या टॉवेलवर काढायची. परत घालताना कणही मागे ठेवायचा नाही. मग दार मिटायचं, टाचेने दाबायचं, आणि गवताची पाती बोटांनी उभी करायची.

"पाती पण?" क्षितिजने विचारलं. "काका, हे ओव्हरकिल नाही का?"

"चार वाजता मिसेस पिअर्स येणार आहेत," पद्माकर म्हणाले. "काठी घेऊन."

त्या काठीत त्यांचा जीव अडकला होता. ब्रिस्टलच्या दक्षिणेचं हे कुरण मिसेस पिअर्सबाईंचं. गेल्या वर्षी क्लबातल्या कुणीतरी खड्डा उघडा टाकला, त्यात बाईंच्या मेंढीचा पाय मोडला, आणि बाईंनी फाटकाला कुलूप घातलं. क्लबाने एक गुळगुळीत ईमेल पाठवली. पद्माकर मात्र स्वतः गेले, माफी मागितली, आणि अख्खा हिवाळा एकट्याने फिरून दुसऱ्यांचे खड्डे बुजवले. खोदला त्यांनी एकही नाही. वसंतात बाई म्हणाल्या, "एक दिवस देते. माझी काठी एका ठिकाणी जरी रुतली, तर पुन्हा या दारात उभं राहायचं नाही."

असा दिवस मिळाल्यावर शहाण्या माणसाने क्लबातले मुरलेले हात आणले असते. पद्माकरांनी नवशिके आणले. क्लबाचे अध्यक्ष म्हणाले, वेड लागलंय. पत्नी अर्चना म्हणाली, "अकरा वर्षांत तुम्ही घरी आणलंत काय, तर एक गंजकं बक्कल. आता लोकांनाही त्याच वाटेला लावा." पण पद्माकरांचा हिशेब साधा होता. मुरलेल्या हाताला खोदायची घाई असते. नव्या हाताला जे पहिल्यांदा शिकवाल, तेच त्याला खरं वाटतं.

आणि भरण्यातलं त्यांना कळत होतं. एकतीस वर्षं त्यांनी विमानांच्या कारखान्यात पंखांचे सांधे भरले होते. भरायचं, घासायचं, डोळे मिटून बोट फिरवायचं. बोटाला सांधा लागला नाही, की काम झालं. काम चांगलं झालं म्हणजे ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याबद्दल कोण काय बोलणार. निवृत्तीच्या दिवशी त्यांना केक मिळाला. त्यावर त्यांचं नाव चुकलं होतं.

दुपारी तीनच्या सुमाराला मनीषा ओढ्याकडच्या उतारावर होती. तिचं यंत्र गायलं. तिने मान हलवली आणि पुढे निघाली.

"थांब," पद्माकर लांबूनच म्हणाले. "का सोडलंस?"

"जोडवीच असणार, काका. आता आवाज ओळखीचा झालाय."

"पाय कुठे आहे तुझा?"

तिने खाली पाहिलं. चकती पायापासून चांगली हातभर लांब होती.

पुढचं कुणी सांगायला लागलं नाही. तिने टॉवेल पसरला, तीन बाजू कापल्या, दार उघडलं. वीतभर खाली, मातीच्या ढेकळात, नखाएवढं पातळ रुपेरी काहीतरी चमकलं. मनीषाने ते चिमटीत उचलून पद्माकरांच्या तळहातावर ठेवलं. एका बाजूला मुकुट घातलेला चेहरा, दुसरीकडे काठापासून काठापर्यंत क्रूस.

"चांदीची पेनी," ते म्हणाले. "सातशे वर्षं झाली असतील, कुणाच्या तरी हातातून पडली. त्यानंतर हात लावणारी तू पहिली."

सगळे धावत आले, फोन निघाले. मनीषा मात्र गुडघ्यांवरच होती. ती माती भरत होती. दार मिटून, टाच मारून, तिने एकेक पात उभी केली, आणि मगच नाणं बघायला उठली. ते पाहून पद्माकरांना जे वाटलं, ते नाणं पाहूनही वाटलं नव्हतं.

चारला मिसेस पिअर्स आल्या. कुणाशी न बोलता त्यांनी कुंपणापासून सुरुवात केली आणि काठी टोचत नागमोडी चालत राहिल्या. आठही जण परीक्षेच्या निकालाला थांबावेत तसे ओळीने उभे राहिले. अर्ध्या तासाने बाई परत आल्या. मनीषाने नाणं पुढे धरलं. त्यांनी चष्मा वर करून ते बराच वेळ पाहिलं.

"माझ्या सासऱ्यांनी हे कुरण आयुष्यभर तुडवलं," त्या म्हणाल्या. "कुठे सापडलं? खड्डा दाखव."

मनीषा उतारावर गेली. "इथे." मग, "नाही, इथे." क्षितिजने भलतीच जागा दाखवली. बाईंनी दोन्हीकडे काठी टोचली. जमीन घट्ट.

"तुम्ही दाखवा," त्या पद्माकरांकडे वळल्या.

पद्माकर ओढ्यापासून पावलं मोजत आले. वाकून पाहिलं, हात फिरवला, शेवटी डोळे मिटून बोटं फिरवली. मग सरळ उभे राहिले.

"मलाही सापडत नाही," ते म्हणाले, आणि मोठ्याने हसले. इतक्या वर्षांत त्यांच्या हाताखालचं न दिसणारं काम शोधायला पहिल्यांदाच कुणीतरी आलं होतं.

बाईंनी कोटाच्या खिशातून फाटकाची किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. "दर रविवारी या. पण तुम्ही शिकवलेली माणसंच आत येतील. तुमच्या अध्यक्षांनाही शिकायला सांगा."

गाड्या निघाल्यावर पद्माकर फाटक लावायला मागे थांबले. बाईंनी पलीकडच्या शेतातून मेंढ्या सोडल्या होत्या. त्या चरत चरत उतारावरून ओढ्याकडे गेल्या. शेवटची पाण्यापाशी पोचेपर्यंत पद्माकर किल्ली मुठीत धरून बघत राहिले. एकही अडखळली नाही.