बेकरीखालचे नाट्यगृह

मित्रांनो, तो गुरुवार अगदी नेहमीसारखा होता, म्हणूनच तो मला विसरता येत नाही. दुपारी बिअरचे पिंप खांद्यावर घेऊन एक माणूस शीळ घालत माझ्या पायऱ्या उतरला आणि म्हातारा हार्टविग त्याच्या अंगावर धावून गेला.

"बंद कर ती शीळ! रंगमंचावर शीळ घालतात का कधी?"

"आजोबा, मी पिंप ठेवायला आलोय, नाटक करायला नाही."

"अरे, पूर्वी गॅसचे दिवे असायचे. ते विझले की अशीच शीळ वाजायची, आणि मग अख्खं थिएटर पेटायचं. जा, वर जा, आणि तोंड मिटून पुन्हा खाली ये."

तो बिचारा पिंपासकट खरोखरच पुन्हा वर गेला. हार्टविगची मुलगी गेझिने रंगमंचाच्या कडेला बसून वाटाण्याचे सूप खात होती. हसता हसता तिला ठसका लागला.

मी एक जुने तळघर आहे. जर्मनीतल्या कासेल शहरात, फुल्डा नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत, बेकरीच्या खाली माझा जन्म झाला. आता लोक मला नाट्यगृह म्हणतात. वर पिठाची पोती आपटली की माझ्या छतातून पांढरी पूड झरते, मग खाली राजा मरत असो की नवरी लाजत असो. वर्तमानपत्रांनी माझे कौतुकही केले आहे. पण भीती ही माझी सगळ्यात जुनी सोबतीण आहे, आणि तिच्याविषयीच मला तुम्हांला सांगायचे आहे.

सुरुवातीला माझ्यात बटाटे आणि कोळसा असे. मग युद्ध आले. विमानहल्ल्याचा भोंगा वाजला की गल्लीतली माणसे माझ्यात उतरत आणि बाकांवर ओळीने बसत. ते माझे पहिले प्रेक्षक. पण ते समोर पाहत नसत, वर पाहत.

जमिनीवर एक मेणबत्ती पेटवून ठेवलेली असे. ती उजेडासाठी नव्हती. हवा संपत आली की ज्योत आधी विझते आणि मग माणसे, हे सगळ्यांना ठाऊक होते. मेणबत्ती विझली की पळायचे, एवढा एकच नियम.

ऑक्टोबरमधल्या एका रात्री सगळे शहर पेटले. तेव्हा हार्टविग पाच वर्षांचा होता. त्याच्या आईने रुमालाला गाठी मारून ससा केला आणि तो बोटांवर नाचवू लागली. हळूहळू बाकांवरची सगळी माणसे वर बघायची थांबली आणि सशाकडे बघू लागली. माझ्या भिंती तापत होत्या. ससा एका कोबीच्या शेतात शिरला होता, शेतकरी मागे लागला होता, आणि ज्योत आखूड होत होती. मग ती विझली.

"बाहेर! सगळे बाहेर!" कोणीतरी ओरडले. माणसांनी कुदळीने माझी एक भिंत फोडली आणि शेजारच्या तळघरात शिरून ती वाचली. आईचा हात धरून हार्टविगही गेला. सशाचे पुढे काय झाले, हे कोणालाच कळले नाही.

मोठेपणी हार्टविग परत आला तो सशाची गोष्ट पुरी करायला, असे मला वाटते. त्याने ओल पुसली, एका बंद पडलेल्या सिनेमागृहातल्या खुर्च्या आणून मांडल्या आणि मला नाट्यगृह केले. भिंतीतले ते भगदाड मात्र बुजवू दिले नाही. नटमंडळी आजही त्यातूनच रंगमंचावर येतात.

पण नाटक सुरू होण्याआधी दिवे मालवावे लागतात. ते काम त्याने कधी दुसऱ्याला दिले नाही. तो स्वतः दिव्यांच्या दांडीशी उभा राहून उजेड इतका हळू उतरवायचा की बसणाऱ्याला अंधार कधी झाला ते कळू नये. तोवर तो स्वतः मात्र वर, छताकडे बघत असे, हे फक्त मला माहीत होते.

आमच्या नाटकवाल्यांचा एक रिवाज आहे. पहिल्या प्रयोगाला पडदा उघडण्याआधी समोरच्याच्या डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकल्यासारखे करायचे आणि म्हणायचे, "टोय, टोय, टोय." ऐकणाऱ्याने गप्प राहायचे. 'डांके', म्हणजे आभार, म्हटले की शकुन उलटतो.

गेझिने सात वर्षांची असताना पहिल्यांदा रंगमंचावर जाणार होती. बापाने तिच्या खांद्यावरून टोय, टोय, टोय केले. घरी शिकवलेल्या वळणाने ती चटकन म्हणाली, "डांके, बाबा."

"मेलो!" एवाल्ड नावाचा नट कपाळाला हात लावून म्हणाला. "पोरीनं बुडवलं आपल्याला!" सगळे हसले.

दुसऱ्या अंकात दिवे गेले. हळू नाही, एकदम. वीज सगळ्या गल्लीचीच गेली होती, पण आत कोणाला काय कळणार? काळोखात हार्टविगचा आवाज फुटला, "बाहेर! सगळे बाहेर!" तो आवाज पाच वर्षांच्या मुलाचा होता. पोरीला काखोटीला मारून तो पायऱ्यांकडे धावला, अडखळला आणि तिला वाचवताना त्याचा हात मोडला.

वीज का गेली, हे सकाळी सगळ्यांना कळले. गेझिनेलाही सांगितले. पण प्लॅस्टरमधला बापाचा हात तिच्या डोळ्यांसमोर होता. तो 'डांके' शब्द तिने त्याच्यापुढे पुन्हा कधीच उच्चारला नाही. मीठ पुढे केले तरी नाही, वाढदिवसाला कोट दिला तरी नाही. मोठी झाल्यावर ती हे हसण्यावारी नेत असे. शब्द मात्र बाहेर येत नसे.

त्यानंतर हार्टविगने भगदाडाशी एक छोटा निळा दिवा बसवला. तो बॅटरीवर चाले. हार्टविग रोज स्वतः ती बॅटरी भरून ठेवी, म्हणजे पुन्हा कधी पुरता अंधार व्हायला नको.

तर त्या गुरुवारी तालीम संपली. नवे नाटक दुसऱ्या दिवशी लागायचे होते. गेझिने मफलर गुंडाळत होती, तेवढ्यात तो मागून आला आणि तिच्या डाव्या खांद्यावरून म्हणाला, "टोय, टोय, टोय."

"बाबा, आज फक्त तालीम होती! आधी म्हटलं की अपशकुन होतो, हे तुम्हीच सांगता ना?"

"वय झालंय माझं. उद्या विसरलो तर?"

"तुम्ही आणि विसरणार! त्या पिंपवाल्याला विचारा." ती हसली आणि वर गेली. रिवाजाप्रमाणे उत्तर दिले नाही.

शुक्रवारी सकाळी तो उठलाच नाही. हृदय झोपेतच थांबले होते. पायऱ्यांवर दोन माणसे बोलत होती, त्यावरून मला ते कळले.

पहिला प्रयोग एक आठवडा पुढे गेला. गेझिने खाली फिरकली नाही. इमारतीचा नवा मालक मात्र टेप घेऊन आला. "इथे भाडेकरूंच्या सायकली छान राहतील," तो सोबतच्या माणसाला म्हणाला. "शुक्रवारी पडदा उघडला नाही, तर किल्ली परत घेतो. बाईंना तसं सांगितलंय मी."

मी घाबरले. बॅटरी भरायला कोणी नव्हते. निळा दिवा रोज थोडा मंदावत होता, आणि मी त्या दिव्याकडे त्या रात्रीच्या माणसांसारखे बघत होते. बुधवारी तो विझला. मित्रांनो, माणसे पळून जाऊ शकतात. तळघर कुठे जाणार?

गुरुवारी दार वाजले. गेझिने वरच्या पायरीवर थबकली. खाली निळा ठिपका नव्हता. तिचा श्वास मला ऐकू येत होता. ती परत फिरणार, असे मला वाटले. मग भिंत चाचपत, एकेक पाऊल टाकत, ती त्या पुऱ्या काळोखातून भगदाडापर्यंत आली आणि तिने बॅटरी काढून भरायला लावली.

शुक्रवारी खुर्च्या भरल्या. मालकही मागे उभा होता. दिव्यांच्या दांडीशी गेझिने उभी राहिली. थकलेला एवाल्ड राजाच्या वेषात तिच्याजवळ आला.

"ये, हार्टविगच्या जागी आज मी म्हणतो."

"नको. त्यांनी म्हणून ठेवलंय, गेल्या गुरुवारीच."

एवाल्डचा चेहरा उतरला. "मग गप्प राहा हं, पोरी. आज तरी."

माझ्यासारख्या जागा विटांवर उभ्या नसतात, मित्रांनो. कोणीतरी दिव्याची काळजी घेते, म्हणून त्या असतात. आणि आपल्यासाठी दिवा कोणी जपला, हे त्याला सांगायला फार उशीर करू नये.

तिने दांडी हळू, अगदी हळू खाली आणली. उजेड उतरला. भगदाडाशी निळा ठिपका तेवढा उरला. छतातून थोडे पीठ झरले. गेझिनेने मान वळवून डाव्या खांद्यामागे पाहिले आणि पहिल्या दोन ओळींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली,

"डांके, बाबा."