मला नसलेले पायडल

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. खुर्ची म्हटले की तुम्हाला ती सोडायला तयार नसलेली माणसे आठवत असतील. माझे उलटे आहे. माझ्यावर बसलेल्याने लवकरात लवकर मला सोडून जावे, याचसाठी मला घडवले आहे.

एका वेल्डरने लोखंडी नळ्या जोडून मला आकार दिला. माझी पाठ मागे झुकते, हात खाली होतात, पायांना चाके आहेत आणि चाकांना ब्रेक. शिवणकामाच्या बाईने माझ्यावर आकाशी रेक्झिन ताणून बसवले. निघताना वेल्डर मला थोपटून म्हणाला, "कुणी बसलं की कुरकुरू नकोस, म्हणजे झालं." त्याचा सल्ला मी कितीतरी वर्षे पाळला, कारण माझ्यावर कुणी बसलेच नाही!

मी एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आले. अगदी गंभीर आजारी माणसे तिथे असतात. त्या काळी तिथला नियम साधा होता. पेशंट जितका गंभीर, तितकी त्याला गाढ झोप द्यायची आणि हलवायचे नाही. मग खुर्ची हवी कुणाला? माझ्यावर हातमोज्यांचे खोके आले, चादरींचा ढीग आला, पुढे पुढे सिस्टरांच्या पिशव्याही आल्या. मी खुर्ची होते हे मीसुद्धा विसरले असते.

त्या कोपऱ्यातून मी एक शाळामास्तर पाहिले. तीन आठवडे ते औषधाच्या झोपेत होते. जीव वाचला, सगळ्यांना हायसे वाटले. पण जागे झाल्यावर त्यांना चमचा उचलवेना. छतातून कुणीतरी आपल्यावर नजर ठेवून आहे असे ते सारखे सांगत आणि स्वतःच्या मुलीलाच "तुम्ही कोण?" असे विचारत. घरी गेले ते स्ट्रेचरवरूनच. मला फार वाईट वाटले. मी दहा पावलांवर होते आणि माझ्या मांडीवर हातमोजे होते.

मग विभागात नव्या डॉक्टरबाई आल्या. त्यांच्या हातात नेहमी कुठल्यातरी अभ्यासाचे कागद असत. त्या सगळ्यांना समजावून सांगत, की दीर्घ गाढ झोपेत स्नायू झिजतात आणि मन भरकटते. झेपेल त्याला झोपेचे औषध कमी द्यावे, रोज सकाळी जागे करून पाहावे, घरचे माणूस जवळ बसू द्यावे, आणि प्रकृती स्थिर असेल तर उठवून बसवावे. "पण घाई नको," असेही त्या बजावत. "फार लवकर, फार जास्त हलवलं तर त्रास होतो, असंही अभ्यासात दिसलंय. ज्याचं त्याचं बघून ठरवायचं."

मोठ्या सिस्टरांना हे पटेना. पंचवीस वर्षे त्यांनी डोळ्यांत तेल घालून माणसे जगवली होती. "श्वासाची नळी तोंडात असलेल्या माणसाला खुर्चीत बसवायचं? आणि नळी निघाली तर?" त्यांची भीती खोटी नव्हती. तरीही माझ्यावरचे खोके उतरले. धूळ पुसली गेली आणि माझा आकाशी रंग मलाच पुन्हा दिसला.

माझ्यावर बसणारा पहिला माणूस एक न्हावी होता. न्युमोनियाने दोन्ही फुप्फुसे भरली होती, श्वास व्हेंटिलेटर देत होता. सहाव्या दिवशी ताप उतरला, ऑक्सिजनची गरज घटली आणि डॉक्टरबाईंनी बसवून पाहायचे ठरवले. चौघांचे काम होते. मोठ्या सिस्टरांनी नळी स्वतः धरली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. व्यायाम करवून घेणारे फिजिओ आणि वॉर्डबॉय त्याला दोन्ही बाजूंनी धरून होते आणि डॉक्टरबाई यंत्राकडे बघत होत्या. न्हावी माझ्यावर टेकला. मी कुरकुरले नाही, देवाशपथ.

पाच मिनिटे बरी गेली. मग त्याचा उजवा पाय हलू लागला. पुढे सरके, बाजूला जाई, टाच जमिनीवर दाबी आणि पुन्हा चाचपडे. कपाळावर घाम आला, नाडी वाढली आणि यंत्र ओरडू लागले.

"मी म्हटलंच होतं," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "भ्रम झालाय यांना. आता नळी ओढतील. झोपवा परत."

डॉक्टरबाईंचा हात झोपेच्या औषधाच्या पंपाकडे गेला. मला मास्तर आठवले. हाही पुन्हा त्या झोपेत गेला तर कसा उठेल, कुणाला ओळखेल? आणि मी तर जाईनच परत खोक्यांखाली. पण खुर्चीला तोंड कुठे असते?

तोंड होते त्याच्या बायकोला. नव्या नियमामुळे ती पलंगाशीच बसली होती.

"अहो थांबा, डॉक्टर! ते पायडल शोधतायत!"

"कसलं पायडल?"

"दुकानातल्या खुर्चीचं. दाबलं की गिऱ्हाईक वर येतं. चाळीस वर्षं याच पायानं दाबतायत. झोपेतसुद्धा दाबतात हो, माझ्या पांघरुणाची पार वाट लावलीय!"

डॉक्टरबाई खाली वाकल्या. "काका, पायडल शोधताय? हो असेल तर माझा हात दाबा."

त्याने हात दाबला. चांगला घट्ट.

पंपावरचा हात मागे आला. मोठ्या सिस्टरांनीच पटकन एक टॉवेल गुंडाळला आणि फिजिओकडे दिला. "हे घ्या तुमचं पायडल. ठेवा त्यांच्या पायाखाली." न्हाव्याने टॉवेल एकदा दाबला, दोनदा दाबला. नाडी हळूहळू खाली आली. मित्रांनो, त्या क्षणी मला रडता आले असते तर मी रडले असते.

रोज सकाळी तो टॉवेल दाबत गेला. त्यानंतर पाचव्या दिवशी डॉक्टरबाईंनी नळी काढली. सगळे त्याच्या पहिल्या शब्दाची वाट बघत होते. त्याने माझा हात चाचपला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "खुर्ची जरा बुटकीय." सगळ्यात मोठ्याने हसल्या त्या मोठ्या सिस्टर. दोन आठवड्यांनी तो काठी टेकत, पण आपल्या पायांनी दारातून बाहेर पडला.

सगळेच असे जात नाहीत, हेही सांगायला हवे. काहींना माझ्यापर्यंत पोहोचताच येत नाही. पण आता मोठ्या सिस्टरच सकाळच्या फेरीत विचारतात, "आज खुर्चीचा मान कुणाचा?"

मध्यंतरी न्हावी भेटायला आला. कोपरापर्यंत हात धुऊन आत आला, तेव्हा माझ्यावर एक आजीबाई बसल्या होत्या. तो सवयीने माझ्या पाठीशी उभा राहिला आणि त्याचा पाय माझ्याखाली पायडल शोधू लागला. सापडले नाही, तसा खुदकन हसला. मग त्याला माझे पुढचे चाक करकरलेले ऐकू आले. (वय झाले, वेल्डरदादा, माफ करा.) त्याने खिशातून कात्रीच्या तेलाची बारीक बाटली काढली, खाली वाकला आणि चाकात दोन थेंब सोडले. आजीबाईंना म्हणाला, "आजी, फार दिवस बसू नका हं इथं. मला नाही बसू दिलं हिनं."

बालमित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. कोपऱ्यात रिकामी खुर्ची दिसली की तिच्यावर सामान ठेवू नका. कुणास ठाऊक, कुणाचा पाय तिच्यापाशी पायडल शोधत येईल.